‘वजन तीन किलोच उतरलं, पण…’: एका पर्सनल ट्रेनरच्या वेबसाइटवरचे अभिप्राय

हे प्रकरण एका पर्सनल ट्रेनरच्या वेबसाइटचं आहे. छोट्या व्यवसायांच्या वेबसाइटवरचा मजकूर नीट करून देणं हे माझं काम, आणि त्यासाठीच त्यांनी बोलावलं होतं. त्यांचे क्लायंट त्यांना मॅडम म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. एकटीचा व्यवसाय. काही जणांना घरी जाऊन शिकवतात, काहींना ऑनलाइन. शिकणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक पंचेचाळिशीच्या पुढचे: गुडघे कुरकुरणारे, शस्त्रक्रियेतून उठलेले, डॉक्टरांनी ‘जरा व्यायाम करा’ एवढंच सांगून वाटेला लावलेले. हे लोक मॅडमकडे वर्षानुवर्षं टिकतात.

वेबसाइटवर मात्र यांच्यातलं कोणीच दिसत नव्हतं. उघडल्याबरोबर एका तरुण बाईंचा बिफोर-आफ्टर फोटो, त्यावर ठळक अक्षरांत ‘५ महिन्यांत २२ किलो!’. खाली आपोआप सरकणारी अभिप्रायांची पट्टी. त्याखाली फिकट राखाडी रंगात, डोळे बारीक केल्याशिवाय वाचता येणार नाही अशी ओळ: ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात.’

मॅडमची तक्रार अशी की चौकशा भरपूर येतात, पण आलेले लोक टिकत नाहीत. उपायही त्यांनी ठरवून ठेवला होता: अभिप्राय अजून वाढवायचे.

मी आधी चौकशांचे मेसेज मागितले. व्हॉट्सअॅपवर सगळे जसेच्या तसे होते. ‘महिन्यात किती कमी होईल?’ ‘गॅरंटी आहे का?’ ‘दोन महिन्यांनी कार्यक्रम आहे, दहा किलो होतील ना?’ ‘फोटोतल्या मॅडमना जो प्लॅन दिला तोच पाहिजे.’ शेवटचा प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. आणि टिकणारे क्लायंट कुठून आले होते? जवळपास सगळे कुणीतरी सांगितलं म्हणून. वेबसाइट बघून आलेल्यांत ‘गुडघा’ हा शब्द शोधून काढावा लागला.

यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. अभिप्राय वाचणारा माणूस ट्रेनरची गुणवत्ता मोजत नसतो, तो स्वतःला शोधत असतो. आपल्या वयाचं, आपल्यासारखं दुखणं असलेलं, आपल्याइतकंच घाबरलेलं कोणी इथे आहे का, हे तो बघतो. पंचावन्न वर्षांच्या बाईंना पहिल्या पडद्यावर बावीस किलो उतरवलेली तरुणी दिसली की त्या म्हणतात, छान आहे, पण हे आपल्यासाठी नाही. उलट ज्याला घाईने वजन उतरवायचंय, त्याला वाटतं आपण बरोबर ठिकाणी आलो, आणि दीड महिन्यात त्याचा भ्रमनिरास होतो. फोटो खरा होता. पण मॅडमच्या दाराशी तो नेमकी चुकीची माणसं आणून सोडत होता.

होते ते अभिप्राय

जुने अभिप्राय आम्ही एकत्र बसून वाचले. ‘मॅडम खूप छान शिकवतात.’ ‘बेस्ट ट्रेनर एव्हर!’ ‘पॉझिटिव्ह एनर्जी, नक्की जॉइन करा.’ अशा वाक्यांसाठी मी एक साधी कसोटी लावतो: ‘ट्रेनर’च्या जागी ‘गाण्याचा क्लास’ घालून बघायचं. वाक्य तसंच्या तसं खपलं, तर ते व्यायामाबद्दल काहीच सांगत नाही. बहुतेक सगळी खपली.

एका अभिप्रायाखालचं आडनाव मॅडमच्याच आडनावासारखं दिसलं. विचारलं तर म्हणाल्या, ‘नणंद आहे माझी. पण ती खरंच यायची हो सकाळी.’ खरंच येत असेल. पण वाचणाऱ्याला नातं कळत नसेल तर तो फसतोच. ऑक्टोबर २०२४ पासून अमेरिकेत लागू झालेला फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे तिथे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम नातेवाइकांनी आणि आतल्या माणसांनी ओळख न सांगता लिहिलेल्या अभिप्रायांनाही हात घालतो. अमुक शब्दांत कौतुक करा म्हणजे अमुक मिळेल, हा व्यवहारही त्याच नियमात बसत नाही. मॅडमनी मध्ये एकदा ‘पाच तारे द्या, एक सेशन मोफत’ असं चालवलं होतं. त्या काळातले अभिप्राय ओळखू येत होते, सगळे एका वाक्याचे. नणंदेचा आणि हे, दोन्ही काढले. यावर फार चर्चा झाली नाही.

खरी चर्चा झाली ती मॅडमनी सहज ऐकवलेल्या एका व्हॉइस नोटवर. ‘असल्या तर खूप येतात, पण यात लिहिण्यासारखं काय आहे?’ म्हणत त्यांनी फोन पुढे केला. साठीच्या जवळपासच्या एक बाई बोलत होत्या: ‘मॅडम, आज गंमत झाली. लिफ्ट बंद होती. चार मजले उतरून खाली आले, आणि गेटपाशी आल्यावर लक्षात आलं, कठड्याला हातच लावला नाही की मी.’ मग स्वतःशीच हसल्यासारखा आवाज. मॅडमनी त्यावर अंगठा पाठवला होता आणि विसरून गेल्या होत्या.

जिना चढण्यापेक्षा उतरणं दुखऱ्या गुडघ्याला का जड जातं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच सगळं वजन पेलतो, आणि तो कमजोर असेल तर ताण सांध्यावर येतो. म्हणजे कठड्याला हात न लावता चार मजले उतरणं हा सहा महिन्यांच्या कामाचा ठोस निकाल होता. ‘पॉझिटिव्ह एनर्जी’ या दोन शब्दांत यातलं काहीही नव्हतं. ज्या माणसाला जिना उतरायची भीती वाटते त्याला हे एक वाक्य पुरेसं आहे, आणि ज्याला दोन महिन्यांत दहा किलो उतरवायचेत तो ते वाचून पुढे जाईल. दोन्ही गोष्टी मॅडमच्या फायद्याच्या.

मागून घेतलेल्या अभिप्रायांपेक्षा न मागता आलेले निरोप सरस का असतात, याचं कारण मागण्याच्या पद्धतीत आहे. मॅडम म्हणायच्या, ‘वेळ मिळाला की जरा रिव्ह्यू टाका ना.’ असं म्हटलं की समोरचा माणूस आभाराचं भाषण करायला उभा राहतो. त्याऐवजी आम्ही प्रश्न ठरवले. यायच्या आधी कशाची भीती वाटत होती? याआधी काय करून बघितलं होतं? सुरुवातीला काय नकोसं वाटलं? आता रोजच्या जगण्यात कुठली एक गोष्ट सोपी झाली? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न: मॅडमकडे कोणी येऊ नये असं तुम्हाला वाटतं? या प्रश्नाला एकांनी लिहिलं, ‘ज्यांना घाम गाळल्याचं समाधान हवंय त्यांनी. इथे पहिले दोन महिने उठणं-बसणंच नीट शिकवतात, कंटाळा येतो.’ मॅडमना हे आधी टोचलं. नंतर त्यांनीच ते वर ठेवायला सांगितलं.

कधी विचारायचं

मॅडमची सवय पहिल्या तीन-चार आठवड्यांत अभिप्राय मागायची होती, कारण तेव्हा लोक सर्वांत खूश असतात. अडचण तीच आहे. आहार बदलला की सुरुवातीला वजनकाटा भराभर खाली येतो, त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेबरोबर) साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा उतरला की पाणीही जातं. ताकदीचंही तसंच. पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद बरीचशी मेंदू आणि मज्जातंतू ती हालचाल शिकल्यामुळे असते, स्नायू भरायला त्यापुढे वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात ‘चार किलो गेले!’ असं लिहिणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याचं ते वाक्य सहाव्या महिन्यातल्या परिस्थितीला लागू पडेलच असं नाही. वेबसाइटवर ते वाक्य मात्र वर्षानुवर्षं राहतं.

म्हणून ठरलं की तीन महिन्यांच्या आत कोणाकडेही मागायचं नाही. आणि फी द्यायच्या दिवशी तर मुळीच नाही. समोरासमोर मागितलं की घरी येऊन शिकवणाऱ्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं. मेसेजने विचारायचं, आणि मेसेजमध्येच लिहायचं की उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, मी पुन्हा विचारणार नाही. हे शेवटचं वाक्य पाळायला मॅडमना जड गेलं, पण पाळलं.

तीन किलोंचा वाद

पन्नाशीतल्या एका गृहस्थांचं उत्तर आलं. त्यांच्या परवानगीने तो मजकूर असा:

‘सहा महिने झाले. वजन तीन किलोच उतरलं, थोडी निराशा झाली खरी. पण खुर्चीतून हात न टेकता उठतो, आणि रात्री कूस बदलताना कंबर धरत नाही. मॅडम वेळ पाळतात. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी सांगतात.’

मॅडम म्हणाल्या, ‘छान आहे. फक्त ते तीन किलोचं वाक्य काढूया.’

‘का?’

‘लोक म्हणतील, सहा महिन्यांत तीनच? बाकी सगळं खरंच आहे ना, आपण काही खोटं घालत नाही आहोत.’

‘तुम्ही सहा महिने ठेवणार आणि तीन किलो काढणार. मग किती उतरले असतील हे वाचणारा स्वतःच ठरवणार. वर बावीस किलोंचा फोटो आहेच.’

त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘त्यांनाच विचारते.’ गृहस्थांचं उत्तर आलं: ‘राहू द्या मॅडम. निराशा झाली होती हे तुम्हालाही माहीत आहे.’

ते वाक्य राहिलं. आणि या मजकुराला नुसत्या शब्दांपलीकडे आधारही होता. मॅडम वयस्कर क्लायंटची खुर्चीतून उठण्याची चाचणी घेतात: हात छातीशी बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. पायांची ताकद बघायला ही चाचणी जगभर वापरतात. या गृहस्थांचा आकडा वहीत आठ होता, सहा महिन्यांनी तेरा. तो अभिप्रायाखाली मॅडमच्या नोंदीच्या रूपात, वेगळ्या अक्षरांत दिला. क्लायंटच्या तोंडी घातला नाही, कारण तो आकडा त्यांनी म्हटलेला नव्हता.

काय कापायचं आणि काय नाही, यावर पुढेही घासाघीस होत राहिली, म्हणून एक फूटपट्टी ठरवावी लागली. लांबलेलं बोलणं आखूड करायला हरकत नाही. रोमन लिपीत आलेला मेसेज देवनागरीत आणायला हरकत नाही. ‘बघा ना’, ‘काय सांगू’ हे शब्द तर ठेवावेतच, माणूस त्यातच दिसतो. पण कापल्यामुळे दावा मोठा होत असेल तर कापायचं नाही. दावा लहान होत असेल तर क्लायंटला विचारून कापायचं.

दुसऱ्या प्रकारचं उदाहरण लगेचच आलं. एका बाईंनी उत्साहाने लिहिलं होतं, ‘माझी शुगरची गोळी बंद झाली, सगळं मॅडममुळे.’ मॅडमना याचा अभिमान होता आणि तो रास्तही होता. नियमित व्यायामाने रक्तातली साखर आटोक्यात यायला मदत होते हे वैद्यकशास्त्र मानतंच. पण या बाईंनी त्याच काळात आहार बदलला होता, आणि गोळी त्यांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून टप्प्याटप्प्याने कमी केली होती. यातलं काहीच त्या वाक्यात नव्हतं. ट्रेनरच्या वेबसाइटवर ते वाक्य आलं की तो ट्रेनरचा दावा होतो, भले अवतरणचिन्हांत असो. वाचणाऱ्या एखाद्याने परस्पर गोळी सोडली तर? बाईंना कारण सांगितलं. त्यांनी स्वतःच दुसरं वाक्य दिलं: ‘जेवणानंतर वीस मिनिटं चालायची सवय लागली ती अजून सुटलेली नाही.’ ते छापलं.

फोटोतल्या बाई

या सगळ्याच्या मध्येच पहिल्या पडद्यावरच्या बाईंचा मेसेज आला. नम्र होता, पण वाचून मॅडम अस्वस्थ झाल्या. बाईंनी नवी नोकरी धरली होती. तिथल्या कोणीतरी त्यांचं नाव शोधलं आणि हा फोटो वर आला. ऑफिसात चेष्टा झाली. त्यात मधल्या काळात उतरलेलं बरंचसं वजन परत आलं होतं. त्यांनी लिहिलं, ‘आफ्टर बघून लोक मला बघतात, मग परत फोटो बघतात. काढाल का प्लीज?’

मॅडमची पहिली प्रतिक्रिया बचावाची होती: ‘पण परवानगी तिनेच दिली होती.’ जुना चॅट काढला. मॅडमनी विचारलं होतं, ‘स्टोरीला टाकू का?’ उत्तर होतं, ‘हो टाका ना’ आणि एक हसरा चेहरा. स्टोरी म्हणजे चोवीस तासांत नाहीशी होणारी गोष्ट. वेबसाइटचा पहिला पडदा, नावासकट, काही वर्षं, यासाठी कोणी कोणाला काही विचारलंच नव्हतं.

कायद्याच्या अंगानेही ही बाजू कच्चीच. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती विशिष्ट कामापुरती मानतो, आणि संमती देणं जितकं सोपं होतं तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं असं म्हणतो. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षणाच्या कायद्यात हेच तत्त्व आहे, शिवाय आरोग्याबद्दलची माहिती तिथे विशेष जपण्याच्या वर्गात येते. फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक सूचनांतला एक मुद्दा तज्ज्ञ आणि प्रसिद्ध व्यक्तींच्या अभिप्रायांबद्दल आहे, पण त्यामागचं तत्त्व इथेही लागतं: अभिप्राय देणारा माणूस आजही त्या मतावर कायम आहे असं मानायला जागा असेल तोवरच जाहिरातदाराने तो वापरावा. इथे तर मत बदललं होतंच, फोटोतली स्थितीही राहिली नव्हती.

पण खरं सांगायचं तर कायदा वाचून दाखवायची वेळ आलीच नाही. मॅडमनी त्याच संध्याकाळी फोटो काढला आणि बाईंना फोन केला.

काढणं मात्र वाटतं तितकं सरळ नसतं. पानावरून फोटो गेला तरी वेबसाइटच्या मीडिया लायब्ररीत फाइल तशीच होती, आणि तिचा थेट पत्ता टाकला की उघडत होती. फाइल पुसली. तिच्या लहान आकाराच्या प्रती वेबसाइटने आपोआप बनवून ठेवल्या होत्या, त्याही पुसल्या. तरीही गूगलच्या शोधात छोटं चित्र दिसतच होतं. जुना मजकूर ताजा करण्याची विनंती करण्यासाठी गूगलचं स्वतःचं साधन आहे, तिथे पत्ता दिला. एका जुन्या पोस्टमध्ये तोच फोटो कोलाजमध्ये निघाला. फाइलच्या नावात बाईंचं पूर्ण नाव होतं, शोधात तो वर येण्याचं एक कारण बहुधा तेच. हे बघून बाकीच्या फोटोंची नावंही बदलली, आणि फोनमधून थेट चढवलेल्या चित्रांत स्थळाची नोंद चिकटलेली असू शकते म्हणून तीही काढली.

यानंतर परवानगीचा मजकूर नव्याने लिहिला. कायदेशीर भाषा टाळली. कोणते शब्द, कोणत्या नावाने, फोटोसह की फोटोशिवाय, कुठे, किती काळ, आणि नको झालं तर काय करायचं: फक्त ‘काढा’ असा मेसेज पाठवायचा, कारण विचारलं जाणार नाही. दर वर्षी पुन्हा विचारायचं. हे सगळं एका वहीत, तारखेसकट.

नावाचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नाही. ‘एस. के., वय ५२’ असं लिहिलं की ते घरीच रचल्यासारखं वाटतं. पूर्ण नाव दिलं की माणूस उघडा पडतो. आणि नाव न देताही पेशा, वय, शस्त्रक्रिया आणि राहण्याचा भाग एकत्र लिहिला की शेजारी ओळखतातच. शेवटी पहिलं नाव आणि एकच संदर्भ, गुडघा किंवा वय किंवा काम, एवढ्यावर थांबलो. ज्यांनी आपणहून गूगलवर उघड अभिप्राय लिहिले होते त्यांचा दुवा दिला. पारखून बघायचं असेल त्याने तिथे जाऊन बघावं. तिथे तीन ताऱ्यांचाही एक आहे, वेळ बदलण्यावरून नाराज झालेल्या कोणाचा. तो आहे म्हणूनच बाकीचे खरे वाटतात, असं माझं मत. मॅडमचं नाही.

तळटीप आणि जागा

राखाडी अक्षरांतली ती ओळ, ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’, जवळपास प्रत्येक फिटनेस वेबसाइटवर असते. ती लिहिली की आपण सुटलो असा समज आहे. फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्ये वजन घटवण्याच्या ३०० जाहिराती तपासल्या होत्या. त्यातल्या ६५ टक्क्यांत ग्राहकांचे अनुभव होते, ४२ टक्क्यांत बिफोर-आफ्टर फोटो. पुढे त्यांच्या पाहणीत असंही दिसलं की ‘हा नेहमीचा परिणाम नाही’ असं लिहिलेलं असूनही वाचणारे तो नेहमीचाच परिणाम समजतात. म्हणून २००९ मध्ये त्या ओळीची सवलत काढून घेतली गेली. अपवादात्मक अनुभव दाखवायचा तर साधारणपणे काय घडतं तेही स्पष्ट सांगायचं. भारतात जून २०२२ मध्ये आलेल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तळटीप दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत असावी, आणि तिने मूळ दाव्याला छेद देऊ नये, असं आहे.

मग साधारणपणे काय घडतं? मॅडमना हा प्रश्न आवडला. वही उघडून त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं: वजन उतरवायला आलेल्यांचं आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी ते चांगलं, आठवड्याला एक किलो हे वरचं टोक, आणि बऱ्याच जणांचं चौथ्या महिन्यात काही आठवडे अडकून बसतं. ज्यांना ताकद हवी होती त्यांना फरक आधी जिन्यावर आणि खुर्चीत कळतो, काट्यावर उशिरा. या मजकुराला आम्ही राखाडी केलं नाही. या पानावरचं हे मला सगळ्यात जमलेलं लिखाण वाटतं, आणि ते अभिप्राय नाहीच.

सरकणारी पट्टी काढली. वाक्य अर्धं वाचून होतं तोवर ते निघून जातं, आणि मोबाइलवर बोट लावलं की तीन पुढे पळतात. स्वतंत्र ‘अभिप्राय’ पानही काढलं. तिथे कोणी मुद्दाम जात नव्हतं, आणि जाणाऱ्याला एकाखाली एक कौतुक वाचून संशयच यावा. त्याऐवजी जिथे शंका येते तिथे उत्तर ठेवलं. गुडघेदुखीच्या मजकुरालगत जिन्याचं वाक्य. ऑनलाइन शिकण्याच्या भागात ‘कॅमेऱ्यापुढे व्यायाम करायची लाज वाटायची’ असं लिहिणाऱ्या बाई. फीच्या तक्त्याशेजारी तीन किलोवाले गृहस्थ, कारण पैसे देताना माणूस निकालापेक्षा भरवशाचा विचार करतो आणि त्यांनी वेळ पाळण्याबद्दल लिहिलं होतं.

व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट मॅडमना फार प्रिय. अस्सल वाटतात हे खरं. पण चित्रातला मजकूर शोधात सहसा येत नाही, दृष्टिहीन वाचकाच्या फोनला नीट वाचता येईलच असं नाही, आणि कोपऱ्यात कोणाचा तरी नंबर किंवा चेहरा राहून जातो. शब्द टाइप करून घेतले. पाच पिवळ्या ताऱ्यांचं चित्रही गेलं. स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःबद्दलच ठेवलेल्या अभिप्रायांचे तारे गूगल सप्टेंबर २०१९ पासून शोधाच्या निकालात दाखवत नाही, त्यामुळे त्यामागचा कोड ठेवण्यातही अर्थ नव्हता.

नंतर

चौकशा कमी झाल्या. हे मॅडमना आधीच सांगितलेलं असलं तरी पहिले काही आठवडे त्या रोज विचारायच्या, ‘फोटो काढल्यामुळे तर नाही ना?’ काही अंशी त्यामुळेच. ‘गॅरंटी आहे का’ विचारणारे थांबले. जे येत होते त्यांचे मेसेज लांब व्हायला लागले. ‘तुमच्याकडे त्या जिन्याबद्दल लिहिलंय ना, माझ्या आईचं तसंच आहे.’ चाळिशीतल्या मुलांनी आईवडिलांसाठी केलेली चौकशी हा प्रकार आधी जवळपास नव्हता, तो दिसू लागला. आलेले टिकतात का, हे कळायला वर्ष तरी जावं लागेल. एवढ्यात त्याचं श्रेय अभिप्रायांना देण्यात अर्थ नाही, कारण त्याच सुमाराला मॅडमनी पहिल्या भेटीची पद्धतही बदलली.

तोटाही झाला. झटपट निकाल हवा असलेले तरुण आता फारसे विचारत नाहीत, आणि त्यांच्यातलेही काही जण मॅडमकडे रमले असते. त्या ते बोलून दाखवतात.

मध्यंतरी दुसऱ्या एका क्लायंटने आपणहून बिफोर-आफ्टर फोटो दिले, नव्या परवानगीपत्रावर सही करून. माझं म्हणणं होतं की नकोच. मॅडमचं म्हणणं, साइट माझी आहे, माणूस तयार आहे, आकडे वहीत आहेत, मग का नको? फोटो लागला. पहिल्या पडद्यावर नाही, आत, ताकद वाढवण्याच्या भागात. सोबत किती महिने, आठवड्यात किती दिवस आणि मधल्या कोणत्या काळात काहीच बदललं नाही ते लिहून. पुढच्या वर्षी त्या क्लायंटला पुन्हा विचारायचं, ही नोंद वहीत आहे. मला तो फोटो अजूनही पटलेला नाही.